वर्गणी

शिलाई मशीनवरून उठली की ती रोज फोनवर लिहायची, नवऱ्याचा मार खात काढलेल्या सहा वर्षांबद्दल. हजारो लोक फुकट वाचायचे, हळहळायचे. शेवटी धीर करून तिने कळवलं, "यापुढचं वाचायचं असेल तर वर्गणी भरा."

लोक तिच्यावर तुटून पडले. सख्खा भाऊ तर फोनवर ओरडलाच, "घरची अब्रू विकायला काढलीस?"

"काळीनिळी होऊन तुझ्या दारात आले होते, तेव्हा तूच मला परत धाडलंस. तेव्हा कुठे होती रे ही अब्रू?" तिने ताडकन फोन बंद केला.

संध्याकाळी पहिली वर्गणी आली, ती तिने सोडलेल्या नवऱ्याच्या नव्या बायकोकडून. सोबत एवढंच लिहिलं होतं, "ताई, तुम्ही तिथून बाहेर कशा पडलात, तेवढं आधी लिहाल?"