चौथीचा शेरा

तिसरी नोकरी गेली, नवराही टेकीला आला, तेव्हा कुठे मी चाळिशीत एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या, तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा त्रास लहानपणापासून असावा लागतो. शाळेचं प्रगतिपुस्तक घेऊन या."

जपून ठेवलेलं चौथीचं प्रगतिपुस्तक घेऊन आईही सोबत आली. त्यात शेरा होता, 'वर्गात शांत बसते, पूर्ण लक्ष देते.'

"मग तुम्हाला एडीएचडी नसावा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली.

"अहो, मग मला झालंय तरी काय?" मी रडकुंडीला येऊन विचारत राहिले.

बाहेर येताच आईने हुश्श केलं.



"तेव्हा तुझ्या वर्गबाईंच्या हातापाया पडून हा शेरा बदलून घेतला होता. बघ, आज कसा कामी आला!"