कवळी

कोर्टात भल्याभल्यांची तोंडं बंद करणाऱ्या वकीलसाहेबांना तोंडाचाच कॅन्सर झाला आणि रेडिएशन सुरू झालं.

"लाळ आटलीय, आता तोंडात बुरशी धरायला वेळ लागणार नाही," सिस्टरने बजावलं. "जेवल्यावर सोडा-मिठाच्या पाण्याने चुळा भरा, झोपताना कवळी काढून ठेवा. बुरशी वाढली तर गिळता येणार नाही, रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल."

"बुरशी शिळ्या पावाला येते, सिस्टर. वकिलाला नाही."

घरी त्यांनी नाक मुरडत चुळा भरल्या, पण कवळी काही काढेनात. बायकोसमोर ते कधी चुरगळलेल्या शर्टातसुद्धा आले नव्हते. तिला बोळकं दाखवायचं?

बायको पाण्याची वाटी घेऊन समोर उभी राहिली. "काढा ती."

"तुला सांगायला काय जातंय? स्वतःचे दात धड आहेत ना! बोळक्या माणसाला घरात कुत्रं विचारत नाही."

तिने वाटी खाली ठेवली, तोंडात बोटं घातली आणि वरचे सगळे दात एका झटक्यात काढून हातात घेतले. तिचे गाल एकदम आत गेले.

वकीलसाहेब पुढे वाकून बघू लागले. "हे... हे कधी?"

"झाली की सात-आठ वर्षं." शब्दांतून हवा निसटत होती, पण धार कमी झाली नव्हती. "रोज समोर बसून जेवते तुमच्या."

वकीलसाहेबांनी मान खाली घातली. तिने वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"काढा. मीसुद्धा बघत नाही."