अंबूबाईंचा डावा पाय

सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात सरकारी प्रशिक्षणाची तपासणी करायला आलेल्या वृंदाताई चक्रावल्याच. दिवंगत विणकर अंबूबाईंचं कसब सहा कामगार बायकांच्या मेंदूत सरकारी खर्चाने उतरवलं होतं. हात झकास चालत होते. पण सहाही जणींचा डावा पाय एका लयीत उगाचच हलत होता.

"हा काय प्रकार?"

"मागावर बसलं की अंबूबाईंच्या पायाला पाळण्याची दोरी असायची," म्हातारे मुकादम नरसय्या म्हणाले. "हातांबरोबर पायही आला बघा."

वृंदाताईंनी 'दोष' असं लिहिलं. दोष आढळला की तो मेंदूतून पुसायचा, असा नियमच होता.

"पुसू नका हो मॅडम," त्या सहाजणींतली नागमणी काकुळतीला आली. "माझी तान्ही दिवसभर शेजारणीकडे रडते. पाय हलतोच आहे, तर पाळणा आणू द्या की इथं!"

वृंदाताईंना हसू फुटलं. त्यांनी 'दोष' खोडून लिहिलं, 'पाय राहू द्यावा. तान्ही मुलं असलेल्यांना पाळणे द्यावेत.'

"आणि अंबूबाईंच्या पाळण्यात कोण असायचं हो?" त्यांनी सहज विचारलं.

"मीच की," नरसय्या लाजून म्हणाले. त्यांची नजर त्या सहा पायांवरून हलत नव्हती.