सातवं वाक्य

मुर्नीला सहा वाक्यं बिनचूक आली. सातव्यापाशी ती थांबली.

"म्हण की पुढे," रेत्नोबाई म्हणाल्या. "अर्ध्या तासात सिंगापूरचे साहेब व्हिडिओवर येतील. आजी पडली तर, आग लागली तर, सगळं झालं. आता मुलाचं."

इंडोनेशियातल्या मलांगच्या त्या केंद्रात परदेशी घरकामाला जाणाऱ्या बायका इंग्रजी शिकत होत्या. मुर्नीला दोन घरांनी नाकारलं होतं. तिसरी खेप चुकली, की गावी परत.

"एवढं एक राहू दे ना, बाई. आज माझ्या दामारचा जन्मवार आहे. आपल्या जावाच्या पंचांगात तो पस्तीस दिवसांनी फिरून येतो. त्याच्यासाठी उपास धरलाय मी. आजच्या दिवशी त्याचं आजारपण तोंडातून कसं काढू?"

"अगं, खरं थोडंच आहे ते? 'मुलगा आजारी असता, तरी मी काम सोडून गेले नसते,' एवढंच तर वाक्य. नुसतं मानायचं. म्हणून तर इंग्रजीत तिथे 'वुड' घालतात. देवालाही कळतं, यातलं काही घडलेलं नाही."

"देवाला कळेल हो. पण दुसरं कुणी ऐकत असलं तर?"

"साहेबांना सांग, आज वार बरा नाही, परवा या," मागच्या बाकावरची यायुक म्हणाली. दोघीतिघी हसल्या. मुर्नीही हसली, पण ओठ कोरडेच होते.

साहेब आले. सहा प्रश्न भराभर झाले. सातव्याआधी त्यांनी हातातला अर्ज वाचला.

"समजा, तुझा दामार खूप आजारी असता, तर?"

नावासकट विचारतील, हे कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाखाली मुर्नीने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले.

"दामार खूप आजारी असता," ती इंग्रजीत म्हणाली, "तरी मी गेले नसते, सर. माझ्या आईने त्याला सांभाळलं असतं."

कॅमेऱ्यामागून रेत्नोबाईंनी मान डोलावली. एकही चूक नव्हती.

"छान," साहेब म्हणाले. त्यांनी वळून कुणाला तरी हाक मारली. एक बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर पाचसहा महिन्यांचं बाळ होतं, गुबगुबीत, अंगठा चोखणारं.

"माझ्या बायकोने ऐकलं नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा एकदा सांग. जरा मोठ्याने."