पाचवी प्रत

पहिली घंटा झाली तरी रिम्मा ओसिपोव्नाचा पाय निघत नव्हता. बर्फाचे बूट काढून झाले, पिशवीतले चांगले बूट चढवून झाले, आणि ती कोट ठेवायच्या जागी बाकावर बसूनच.

"बाई, नाटकाला आलात की मयताला?" कोट घेणारी म्हातारी म्हणाली. "पहिल्या रांगेचं तिकीट तुमचं! माझं असतं तर नाचत गेले असते."

पहिली रांग, तेच तर दुखणं होतं. तिकीट साव्वा इग्नातिचनी स्वतः धाडलेलं. सोळा वर्षांनी त्यांची परीकथा लेनिनग्रादच्या रंगमंचावर येत होती, आणि पडदा उघडण्याआधी ते पुढे येऊन सगळ्यांदेखत तिचे, त्यांच्या टायपिस्टबाईंचे, आभार मानणार होते.

नाटक मुलांचं. एक शेगडी असते, तिच्यासमोर कुणी खोटं बोललं की ती विझते. राजा शेकायला येतो आणि अख्खा महाल गारठतो. चाळीस साली तालमी सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी बंदी आली. तेव्हापासून साव्वा इग्नातिच सर्कशीतल्या विदूषकांसाठी विनोद लिहून पोट भरत होते.

बंदी कशी आली, ते रिम्माला ठाऊक होतं. साव्वा इग्नातिच नेहमी पाच प्रती करायला सांगत. दिग्दर्शकाला एक, नाटकमंडळीला एक, सेन्सॉरला एक, एक स्वतःला. पाचवी? "असू द्या तुमच्याकडे, ट्रंकेत." ती पाचवी रिम्मा दर खेपेला गुप्त पोलिसांच्या करड्या इमारतीत नेऊन द्यायची. तिथल्या साहेबानं एकदाच विचारलं होतं, "तुमचा भाऊ कुठे असतो नोकरीला?" तेवढं पुरलं.

आणि साव्वा इग्नातिच त्याच प्रतीवरून कुरकुरायचे! "कार्बन नवा घाला हो. पाचवी प्रत म्हणजे दुधात पाय बुडवून मांजर चालल्यासारखी दिसतेय. जोरात मारा!" ती मारायची. बोटं सुजायची. चांगल्या माणसाचं काम आपण चोख करतो, एवढंच तिला स्वतःबद्दल बरं वाटायचं.

मग युद्ध आलं, जर्मनांच्या वेढ्याचा हिवाळा आला. शहरानं खुर्च्या जाळल्या, पुस्तकं जाळली. नाटकमंडळीची कपाटं शेगड्यांत गेली, साव्वा इग्नातिचचे कागदही गेले. नाटक संपलं, असं सगळे धरून चालले. गेल्या वसंतात ते अचानक म्हणाले, "सापडलं." कुठे, ते कुणी विचारलं नाही. या शहराला विचारायची सवय नाही.

रिम्मा उठली. प्रेक्षागृहाकडे न जाता मागच्या जिन्यानं वर गेली.

साव्वा इग्नातिच आरशासमोर टायशी झुंजत होते. "अरेच्चा! पाहुण्या मागच्या दारानं? या, हे सापाचं वेटोळं सोडवा आधी."

"माझं नाव घेऊ नका."

"लाजताय? साठीला?"

"घेऊ नका म्हणते ना!" तिनं मागे दार लोटून घेतलं. "पाचवी प्रत मी करड्या इमारतीत देत होते. प्रत्येक नाटकाची. या शेगडीचीही. भावासाठी दिली म्हणते मी, पण चालत मीच गेले. एकदाही रस्ता चुकले नाही."

दुसरी घंटा झाली. साव्वा इग्नातिचनी टाय तसाच लोंबत सोडला. रिम्मा जमिनीकडे बघत उभी राहिली. ते थुंकले असते तरी तिनं तोंड पुसलं नसतं.

त्यांनी फळीवरून एक फाइल काढली, नाडी सोडली आणि तिच्या पुढ्यात धरली. वर करड्या इमारतीचा गोल शिक्का, त्याखाली जांभळ्या शाईत: 'कायम जतन करावे.' आत तिचीच अक्षरं. फिकट, पण एकूणएक वाचता येणारी.

"आपल्या सगळ्यांच्या घरात शेगड्या होत्या," ते म्हणाले. "कपाटं शाबूत राहिली ती फक्त त्यांचीच."

तिसरी घंटा झाली. त्यांनी तिच्यापुढे हात केला.

"चला. आणि मला एक सांगा, रिम्मा ओसिपोव्ना, पाचवी प्रत नीट उमटावी म्हणून मी एवढी वर्षं तुमच्या मागे लागायचो, ते काय तुमच्या ट्रंकेसाठी?"