पाचवी प्रत

साहेबांना भाषणाच्या चार प्रती लागत. टंकलेखक मात्र पाच काढायचा. पाचवी लेकीसाठी. "बदल मागायचा नसतो, तरुणांनो, घडवायचा असतो," असलं एखादं वाक्य अधोरेखित करून ती कागद भिंतीवर चिकटवायची आणि बापाला चिडवायची, "बाबा, सगळं तुमच्या बोटांतून जातं, डोक्यात काही शिरत नाही!" "शिरलं तर बोटं अडखळतील गं," तो हसायचा. गेल्या आठवड्यात साहेबांच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात ती गेली. "काका, तुम्ही आज कशाला आलात?" साहेबांनी विचारलं. "सांगा साहेब," म्हणत त्याने मशीनमध्ये कागद चढवला. साहेबांनी श्रद्धांजलीचं भाषण सांगायला सुरुवात केली. लेकीचं नाव आलं, तेच "तरुणांनो" आलं. साहेब दोनदा अडखळले. त्याची बोटं एकदाही नाही. चार प्रती त्याने टेबलावर ठेवल्या. पाचवीची नेहमीप्रमाणे घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत सरकवली.