न अडकणारा प्रोसेसर

कीबोर्ड पहिल्यांदा टेबलावर आपटला, दुसऱ्यांदा बापाच्या कपाळावर. ऐन लढाईत गेम अडकला होता आणि पडद्यावर मुलाचा सैनिक मेला होता. सव्वीस वर्षांचा दांडगा गडी तो. त्याने अख्खं कॅबिनेट उचलून फरशीवर आदळलं. मध्ये पडलेल्या आईचा हात असा पिरगळला, की बोटांतून कट्‌कन आवाज आला.

"संध्याकाळी सहाला येतो," तो म्हणाला. "तोवर नवीन मशीन पाहिजे. अडकणारं नको, नाहीतर बघा." आणि दार धाडकन आपटून तो मित्राकडे खेळायला गेला.

दुपारी दोघं फुटलेलं कॅबिनेट घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात उभे होते. बापाच्या कपाळाला तीन टाके, आईच्या दोन बोटांना पट्टी. दुकानदाराने दोघांना लगेच ओळखलं. तीन वर्षांत हे जोडपं चौथ्यांदा आलं होतं. आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड, मग मॉनिटर. दर वेळी वस्तू वेगळी आणि पट्टीची जागाही वेगळी. शेजारच्या गाळ्यात किल्लीवाला एका किल्लीवर कानस घासत होता.

"वर्षानुवर्षं चालेल असा प्रोसेसर द्या," बाप म्हणाला. "पोरगा तसा गुणाचा आहे हो. गेम अडकला की डोकं फिरतं त्याचं, एवढंच."

तीन टाके पडले तरी याचे डोळे काही उघडले नव्हते.

दुकानदाराने कॅबिनेटमधला जुना प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला. ठणठणीत होता. "याला काही झालेलं नाही, काका. हा अजून आरामात चालेल."

"नको, नवाच द्या!" बापाचा आवाज चिरकला.

दुकानदाराने नाइलाजाने दोन खोकी काढली. "हा सगळ्यात महाग, पण तेवढी गरज नाही. हा मधला घ्या. बोर्ड नव्या पिढीचा देतो. पाच वर्षांनी हा कमी पडला, की बोर्ड तोच ठेवायचा आणि फक्त प्रोसेसर बदलायचा."

"म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा?" आईने विचारलं. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"गेम दर वर्षी जड होत जातात, काकू. कुठलाही प्रोसेसर कधीतरी अडकणारच."

बापाने पाकीट काढलं. आईने चांगल्या हाताने ते पाकीट काढून घेतलं आणि दोन्ही खोकी दुकानदाराकडे सरकवली.

"शेजारचा किल्लीवाला घरी येऊन दाराचं कुलूप बदलून देतो का हो? सहाच्या आत?"

"अगं, काय बोलतेस?" बाप दचकला. "कुलूप बदललं तर पोरगा घरात कसा येणार?"

"नाही येणार," आई म्हणाली.